सॉफ्टवेअरमधून जुन्या हार्डवेअरचा सपोर्ट काढायचा असेल तर

हार्डवेअर किती जुनं आहे हा निकष धरू नका. त्या प्लॅटफॉर्मवर टेस्ट चालवणारं आणि बग आला तर दुरुस्त करणारं कोणी आहे का, ते बघा. असेल तर राहू द्या. बिग-एंडियन (संख्येचा सगळ्यात मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर बाइटच्या क्रमाच्या अशा चुका सापडतात, ज्या एक्स८६वर, म्हणजे उलटा क्रम वापरणाऱ्या नेहमीच्या पीसी प्रोसेसरवर, वर्षानुवर्षं दबून राहतात.

नुसत्या एम्युलेटरवर, म्हणजे दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, मात्र विसंबू नका. क्यूएमू या एम्युलेटरच्या जुन्या आवृत्त्यांत, यूजर मोडमध्ये (पूर्ण मशीनऐवजी एकच प्रोग्रॅम चालवताना), चुकीच्या अलाइनमेंटचा, म्हणजे प्रोसेसरला चालत नाही अशा पत्त्यावरचा, मेमरी अ‍ॅक्सेस बऱ्याचदा खपून जायचा. खऱ्या स्पार्क प्रोसेसरवर तोच प्रोग्रॅम बस एररने (अशा अ‍ॅक्सेसला मिळणाऱ्या एररने) कोसळतो.

कोणीच सांभाळत नसेल, तर आधी तसं जाहीर करा, कोड लगेच उडवू नका. लिनक्स कर्नलने इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरला २०२१ मध्ये, ५.११ आवृत्तीत अनाथ, म्हणजे कोणी सांभाळत नसलेला, ठरवलं. कोड निघाला तो ६.७ मध्ये, जानेवारी २०२४ ला. मधल्या काळात कोणालाही पुढे येता आलं असतं.

काढताना शेवटच्या चालत्या आवृत्तीला टॅग लावा, सुरक्षा दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते लिहा आणि सगळं एकाच वेगळ्या कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातल्या एका नोंदीत) काढा, म्हणजे परत आणणं सोपं जातं. बिल्डआधी मशीन तपासणाऱ्या कन्फिगर स्क्रिप्टमधली त्या प्लॅटफॉर्मची तपासणी काढायला लोक हमखास विसरतात. तिथे स्पष्ट एरर द्या.

नवी डिपेंडन्सी, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर ज्यावर अवलंबून राहील असं दुसरं सॉफ्टवेअर, घेताना विशेष जपा. पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.४ आवृत्तीपासून बिल्डला रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा लागेल असं केलं आणि अल्फा, एचपी-पीए या जुन्या प्रोसेसरांसारख्या प्लॅटफॉर्मवर बिल्ड अडले, कारण रस्टचा कंपायलर तिथे नव्हताच.