जॅकेटमधील मेंबरचे महत्त्व ठरवताना या चुका टाळा

कोल्हापुरात स्ट्रक्चरल डिझाइन शिकवताना समुद्रातील प्लॅटफॉर्मच्या जॅकेटचा, म्हणजे त्याला पेलणाऱ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचा, विषय निघाला की मुलांची पहिली चूक ठरलेली असते: ज्याचा युनिटी चेक (येणारा ताण भागिले परवानगीचा ताण) ०.९५ तो मेंबर (सांगाड्यातली एक नळी) महत्त्वाचा आणि ज्याचा ०.३ तो दुय्यम, अशी यादी ते करून टाकतात. हा आकडा मेंबरवर ताण किती आहे एवढेच सांगतो. तो मेंबर गेल्यावर उरलेले जॅकेट किती भार पेलेल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मेंबर काढून, लाटेच्या प्रत्येक दिशेसाठी पुशओव्हर (सांगाडा कोसळेपर्यंत भार वाढवत नेण्याचे गणित) पुन्हा करावे लागते. एक्स ब्रेसिंगमध्ये (पायांमधले तिरके आधार, म्हणजे ब्रेस, X आकारात) एक तिरका मेंबर गेला तर दुसरा बराच भार उचलतो. के ब्रेसिंगमध्ये (K आकारात) दाबाखालचा मेंबर वाकला की पॅनेलची ताकद झपाट्याने घटते.

मेंबर पिचलेला असला तरी जागेवरच असेल, तर लाटा त्यावर आदळतच राहतात. मॉडेलमधून तो पुसताना त्यावरचा लाटेचा भारही पुसला जातो, हे सहज नजरेतून सुटते. गणित मध्येच अडले म्हणजे जॅकेट कोसळले, असेही समजू नये; आधी लोंबकळणारा नोड (मेंबर काढल्याने आधार सुटलेला सांधा) शोधावा, मग भाराचा टप्पा लहान करावा.

विश्वासार्हतेतली चूक मला सर्वांत घातक वाटते. बीटा (विश्वासार्हतेचा निर्देशांक) ३ म्हणजे अपयशाची शक्यता साधारण ७४० मध्ये १. अशा दोन मेंबरांच्या शक्यतांचा गुणाकार करून साडेपाच लाखांत १ असे उत्तर काढणारे वादळ विसरतात, कारण दोघांवर भार एकाच लाटेचा येतो आणि पहिला तुटला की त्याचा वाटा दुसऱ्यावर पडतो.

जोडकामही मोजा. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलंड’ हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटून १२३ जण दगावले. हायड्रोफोनचा (पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा) आधार ब्रेसला जोडणाऱ्या ६ मिमीच्या फिलेट वेल्डपासून (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डपासून) सुरू झालेली फटीगची (वारंवारच्या भाराने पडणारी) भेग वाढत गेली, ब्रेस तुटला आणि त्यापाठोपाठ इतर ब्रेस तुटून एक पायच निखळला. शिरोलीच्या एका वर्कशॉपमधला पाइपवरचा असाच वेल्ड मी मुलांना भिंगाखाली दाखवतो. त्याच्या कडेला नख अडकेल एवढा अंडरकट (धातूत पडलेली खाच) आहे, आणि युनिटी चेकच्या तक्त्यात त्याच्यासाठी ओळच नसते.