बांडगुळावरचा फुलटोच्या कसा शोधावा

जेमतेम ८ सेंटिमीटरचा जीव. आपल्याकडच्या सगळ्यांत लहान पाखरांपैकी हा एक. ईशान्य भारतातल्या त्याच्या एका भाऊबंदाची पाठ लालभडक असते. मराठवाड्यातला मात्र मातकट हिरवट, पानांत दिसेनासा होणारा. म्हणून पाखरू हुडकत बसू नका, आधी झाड हेरा.

बांधावरचा जुना आंबा बघा. त्याच्या लांबट पानांत मध्येच जाडसर, राखट हिरव्या पानांचा झुबका दिसला की ते बांडगूळ. ते फळावर असेल तर काम अर्धं झालं, कारण फुलटोच्या तीच फळं खायला येतो. बांडगूळ नसेल तर सिंगापूर चेरीचं झाड चालेल.

सकाळी लवकर जा आणि झाडाखाली गप उभे राहा. वरून ‘चिक्‌ चिक्‌ चिक्‌’ असा बारीक, तुटक आवाज येत राहतो. त्या आवाजाच्या मागे नजर न्या.

आता चोच. शिंजिराची, म्हणजे फुलांतला रस पिणाऱ्या छोट्या पाखराची, मादीही अशीच साधी दिसते, तिथंच बहुतेकांची गफलत होते. तिची चोच लांब, काळी, बाकदार. फुलटोच्याची आखूड. ती फिकट गुलाबट असेल तर टिकेलचा फुलटोच्या. जाड, निळसर करडी असेल आणि शेपूट डावी-उजवीकडे हलत असेल तर जाड चोचीचा.

मग खाताना बघा, घाई करू नका. टिकेलचा फळ अख्खंच गिळतो. काही मिनिटांत बी बाहेर येतं, पण ते इतकं चिकट की त्याला फांदीवर बूड घासूनच सुटका करून घ्यावी लागते. जाड चोचीचा गर खातो आणि बी चोचीनं फांदीला पुसतो. दोन्ही रीतींनी बी फांदीवरच चिकटतं, तिथंच रुजतं. आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या आंब्याला बोटाएवढ्या फांदीवर अशा चार बिया ओळीनं होत्या. एक ओढली तर डिंकासारखी तार निघाली.

बांडगूळ आंब्याचं पाणी ओढतं, हे खरंच आहे. फळं धरत्या केसर आंब्याच्या बागेतून ते काढलंच पाहिजे. पण बांधावरच्या म्हाताऱ्या झाडावरचा एखादा झुबका तेवढा राहू द्या.

उन्हाळ्यात फांदीला लोंबणारी, वाळक्या पानासारखी दिसणारी छोटी मऊ पिशवी दिसली, तर ते त्याचं घरटं. फोटोसाठी फांदी वाकवू नका. चार पावलं मागं सरका.