एका पीसीत दोन पॉवर सप्लाय जोडताना

एकाच मोठ्या सप्लायने भागत असेल तर तोच घ्या; दुसरा जोडायचा तो जादा ग्राफिक्स कार्डांसाठी.

मुख्य सप्लायवर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि डिस्क ठेवा. दुसरा आपोआप सुरू व्हावा म्हणून ड्युअल पीएसयू (म्हणजे दोन पॉवर सप्लायचा) अडॅप्टर लावा: दुसऱ्याचा २४ पिनी कनेक्टर त्यात, आणि मुख्य सप्लायची मोलेक्स (चार पिनी) वायर त्याला. २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला क्लिपने जोडूनही सप्लाय चालू होतो, पण मग पीसी बंद केला तरी तो चालूच राहतो. अडॅप्टरमुळे दोघांचे ग्राउंडही एक होते, ते हवेच. १२ व्होल्टच्या वायरी मात्र एकमेकींना कधीच जोडू नका.

खरी गडबड रायझरवर होते, म्हणजे कार्ड मदरबोर्डपासून दूर बसवायच्या जोडपट्टीवर. रायझर आणि त्यावरचे कार्ड एकाच सप्लायवर हवे. रायझरला साटाची (डिस्कला वीज देणारी) वायर देऊ नका: स्लॉटमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकते, साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट. प्लास्टिक वितळते ते इथेच.

मॉड्युलर (केबल काढता येणाऱ्या) सप्लायच्या केबल अदलाबदल करू नका. कनेक्टर बसला तरी पिनांची मांडणी वेगळी असू शकते, डिस्क जळू शकते. दोन्ही प्लग अर्थिंग असलेल्या एकाच सर्किटवर लावा.