संदेश हवा त्या क्षणी पाठवायचा असेल तर: क्युपिड प्रोटॉनसाठी कृती

नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री यायला लागली की गाड्यांना वेळकाळ राहत नाही. काट्यावरच्या मुलाने ‘वजन नोंदवा’ दाबलं की पावतीचा संदेश लगेच अडत्याच्या ऑफिसात पोचावा, एवढंच काम माझ्याकडे होतं. मी पायथनमध्ये अपाची क्युपिड प्रोटॉन ही संदेश पाठवण्याची लायब्ररी वापरली आणि बटणाच्या कोडमधूनच थेट सेंड केलं. कधी पावती तत्काळ जायची, कधी बराच वेळ पडून राहायची. गाडीवाला ताटकळत उभा.

चूक माझीच होती. प्रोटॉनचं इव्हेंट लूप, म्हणजे घटनांची वाट पाहत फिरणारं चक्र, एका थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्यावर) चालतं आणि सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, काही घडेपर्यंत झोपलेलं असतं. बटणाच्या कोडसारख्या दुसऱ्या थ्रेडमधून सेंड केल्याने त्याला जाग येत नाही. शिवाय ते सुरक्षितही नाही.

आधी कंटेनर (प्रोटॉनचं लूप चालवणारा ऑब्जेक्ट) वेगळ्या थ्रेडवर चालवा, म्हणजे स्क्रीन अडणार नाही. मग ‘इव्हेंट इंजेक्टर’ (बाहेरून लूपमध्ये घटना टाकणारा) तयार करून तो कंटेनरच्या ‘सिलेक्टेबल’ मेथडला द्या. बटण दाबल्यावर फक्त इंजेक्टरचं ‘ट्रिगर’ बोलवायचं आणि वजन, गाडी नंबर, पावती क्रमांक ‘ॲप्लिकेशन इव्हेंट’च्या ‘सब्जेक्ट’मध्ये घालायचे. ट्रिगर कुठल्याही थ्रेडमधून चालतं, तेच लूपला उठवतं. इव्हेंटचं नाव ‘पावती’ ठेवलंत, तर हँडलरमध्ये (लूपमधल्या घटनांना उत्तर देणाऱ्या क्लासमध्ये) ‘ऑन_पावती’ नावाची मेथड लिहा.

आता खरी गोम. प्रोटॉन ज्या एएमक्यूपी १.० प्रोटोकॉलने संदेश पाठवतं, त्यात समोरचा जितकं क्रेडिट (म्हणजे किती संदेश घेईन याची परवानगी) देईल तितकेच संदेश त्याच्याकडे जातात. म्हणून ऑन_पावतीमध्ये आलेली पावती आधी आपल्या रांगेत टाका, मग क्रेडिट असेपर्यंत रांग उपसा. हेच उपसणं ‘ऑन_सेंडेबल’मधूनही करा; क्रेडिट आलं की प्रोटॉन ही मेथड बोलवतं. दोन्हीकडे का? क्रेडिट आलं तेव्हा रांग रिकामी असेल, तर ऑन_सेंडेबल येऊन निघून जातं. नंतर गाडी आली म्हणून ते पुन्हा येत नाही. आणि क्रेडिट संपलेलं असताना पावती आली, तर तिला ऑन_सेंडेबलचीच वाट पाहावी लागते. एकच दार उघडं ठेवलं, तर कधीतरी पावती आत अडकणारच. उपसण्याची मेथड एकच लिहून दोन्हीकडून बोलवा. या रांगेला फक्त लूपचाच थ्रेड हात लावतो, त्यामुळे लॉक लागत नाही.

सेंड झालं म्हणजे पोचलं असं धरू नका. पाठवलेल्या पावत्यांची यादी ठेवा आणि ‘ऑन_ॲक्सेप्टेड’, म्हणजे समोरच्याचा होकार, आल्यावरच पावती त्या यादीतून काढा. लाइन तुटली, तर ज्यांचा होकार आला नाही त्या पावत्या पुन्हा रांगेत घाला. एखादी दोनदा जाईल, म्हणून पावती क्रमांकच संदेशाचा आयडी ठेवा; ऑफिसातला प्रोग्राम दुसरी प्रत बाजूला टाकेल.

हँडलरमध्ये ‘स्लीप’ किंवा प्रिंटरची वाट पाहणं अजिबात नको, तेवढा वेळ सगळं लूप थांबतं.

तपासताना ब्रोकर (संदेश घेऊन पुढे देणारा सर्व्हर) बंद करा, तीन वेळा बटण दाबा, ब्रोकर पुन्हा चालू करा. जोडणी परत आली की तिन्ही पावत्या आपोआप निघाल्या पाहिजेत. मग दहा मिनिटं काहीच न करता थांबा आणि एकदाच दाबा. माझी पावती नेमकी याच ठिकाणी अडकायची.