मराठवाड्यातून रवांडाला जाताना

रवांडाच्या प्रवासाची आखणी करताना सर्वांत आधी तिथला पाऊस पाहावा. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेल्या, चारही बाजूंनी इतर देशांनी वेढलेल्या या डोंगराळ देशात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. त्यामुळे आपल्याकडची उन्हाळ्याची सुटी तिथे जाण्यास गैरसोयीची ठरते. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोरडे दिवस असतात. शेती असलेल्या कुटुंबाने पेरणी आणि कोळपणी आटोपल्यावर, सोयाबीनची काढणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑगस्टमध्ये जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. राजधानी किगाली सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्याने रात्री गारवा असतो. स्वेटर सोबत असावा.

नांदेड, परभणी किंवा जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठता येते आणि तिथून आदिस अबाबा किंवा नैरोबी येथे विमान बदलून किगालीला पोहोचता येते. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्याने भारतीय प्रवाशांना ३० दिवसांच्या व्हिसाचे शुल्क माफ आहे. निघण्यापूर्वी मात्र चालू नियम पाहून घ्यावा. पीतज्वराच्या लसीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते आणि त्याचा त्रास परतताना होतो. आफ्रिकेतील पीतज्वरग्रस्त देशांतून आलेल्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते, म्हणून हे काम महिनाभर आधीच उरकावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे.

सामान भरताना प्लास्टिकच्या पिशव्या पूर्णपणे टाळाव्यात. रवांडाने २००८ पासून त्यांवर बंदी घातली असून विमानतळावर त्या काढून घेतल्या जातात. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात, कपडे कापडी पिशवीत ठेवावेत. शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही. घेवड्याची उसळ, उकडलेली कच्ची केळी, भात आणि बटाटे सहज मिळतात. कसाव्याच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्या झाडाच्या) पाल्याची इसोम्बे ही भाजी चवदार असते, पण तिच्यात मांस किंवा मासळी नाही ना, हे आधी विचारावे.

सपाट रस्त्यांची सवय असलेल्या आपल्या लोकांनी तिथले अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. रस्ते उत्तम असले तरी ते सतत डोंगरांना वळसे घालतात. किगालीहून उत्तरेकडचे मुसान्झे शहर सुमारे शंभर किलोमीटर आहे, तरी दोन ते अडीच तास लागतात आणि न्युंग्वेच्या जंगलासाठी जवळजवळ पूर्ण दिवस जातो. बस न्याबुगोगो स्थानकातून सुटतात. खिडकीजवळची जागा मिळाली, तर उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी कोरलेली शेते पाहावीत. जमीन धुपून जाऊ नये म्हणून तिथल्या शेतकऱ्याने घेतलेले कष्ट आपल्या शेतकऱ्याने जरूर पाहण्यासारखे आहेत.

मुसान्झेजवळच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात गोरिला पाहण्यासाठी परदेशी प्रवाशाला १,५०० अमेरिकी डॉलरचा परवाना लागतो. त्यात गोरिलांजवळ फक्त एक तास थांबता येते, एका गटात आठच प्रवासी असतात आणि १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो. खर्च झेपत नसेल, तर आकागेरा उद्यानात सिंह, हत्ती आणि गेंडे पाहावेत. तेही मनाला तितकेच समाधान देते.

किगालीतील गिसोझी येथील स्मारकासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. १९९४ च्या नरसंहारातील अडीच लाखांहून अधिक बळी तिथे चिरनिद्रा घेत आहेत. तिथे हळू बोलावे, आणि कोणालाही, कितीही ओळख झाली तरी, तो हुतू की तुत्सी, म्हणजे त्या नरसंहारात मारणाऱ्यांच्या की प्रामुख्याने मारल्या गेलेल्यांच्या समाजातला, असे विचारू नये. दरवर्षी ७ एप्रिलपासून शोकसप्ताह असतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी उमुगांडा हे सामूहिक श्रमदान चालते, त्या वेळी दुकाने बंद आणि वाहतूक मर्यादित असते. त्या दिवशीचा प्रवास दुपारनंतरचा ठरवावा.