टोपोलॉजीचे नियम लिहिताना या चुका टाळा

रात्री पावणेदोनला फोन आला. टोपोलॉजीच्या, म्हणजे नेटवर्कमध्ये काय कशाला जोडलंय ते दाखवणाऱ्या, नकाशावर एकच लिनक्स सर्व्हर, त्याला चाळीसच्या वर आयपी, आणि तो पुण्याच्या स्विचलाही जोडलेला नि चेन्नईच्याही. सर्व्हर ठणठणीत होता. बिघडला होता तो आदल्या संध्याकाळी मीच लिहिलेला मर्जचा, म्हणजे एकाच यंत्राच्या वेगवेगळ्या नोंदी एकत्र करण्याचा, नियम.

मी आयपीला टोकन, म्हणजे ओळखीची खूण, केलं होतं: दोन स्रोतांकडून आलेल्या नोंदींचा आयपी जुळला, की रिसोर्स (नकाशावरचं यंत्र) एकच. वरवर रास्त वाटतं. पण डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेल्या मशीनवर ‘डॉकर झिरो’ हा आभासी नेटवर्क ब्रिज तयार होतो आणि त्याला आपसूक १७२.१७.०.१ हा पत्ता मिळतो. जवळपास प्रत्येक मशीनवर तोच. १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) वगळायचं सगळ्यांच्या लक्षात असतं, हा मात्र निसटतो. त्यात मर्जची साखळी लागते: अ जुळला ब-शी, ब जुळला क-शी, म्हणून अ आणि क-ही एकच.

मग मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) वापरू? फायरवॉल किंवा राउटरच्या जोडीवर व्हीआरआरपी (एक बंद पडला तर दुसऱ्याने त्याच पत्त्यावर काम उचलायची सोय) असेल, तर व्हर्च्युअल मॅकचा शेवटचा बाइट ग्रुप नंबरवरून ठरतो. दोन शहरांत दोन्हीकडे ग्रुप १ ठेवला (आणि ठेवतातच) की मॅक सारखाच. हार्डवेअरसाठी मी आता सिरीयल नंबरच धरतो. व्हर्च्युअल मशीनला युयूआयडी (मशीनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बरा, पण त्यातही मेख आहे. व्हीसेंटर (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं साधन) दाखवतं तो युयूआयडी आणि लिनक्सच्या आतून वाचलेला युयूआयडी, यांत पहिल्या तीन गटांतले बाइट उलट क्रमाने येऊ शकतात. मशीन एक, नोंदी दोन. शेवटचे दोन गट जुळताहेत आणि पहिले तीन नाहीत असं दिसलं, तर हाच घोळ समजा.

नावांचा वेगळाच तमाशा. एसएनएमपीकडून (उपकरणांना माहिती विचारायचा प्रोटोकॉल) ‘कोअर-स्विच-०१’ येतं, डीएनएसकडून (नावांवरून आयपी देणारी सेवा) तेच डोमेनसकट, कुठून कॅपिटल अक्षरांत. सगळं स्मॉल करून घ्या, हे ठीक. पण डोमेन सरसकट कापू नका. टेस्टचा ‘वेब-०१’ आणि प्रॉडक्शनचा ‘वेब-०१’ क्षणात एक होतात.

रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकूर जुळवायच्या पॅटर्नमध्ये) सुरुवातीला ^ आणि शेवटी $ विसरलात, तर १०.१.१.१ हा पॅटर्न १०.१.१.१५ ला पकडतो, १०.१.१.१०० ला पकडतो आणि ११०.१.१.१ लाही. शिवाय नुसता टिंब म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या.

साधने बदलली तरी गोष्ट तीच. आयबीएमच्या एजाइल सर्व्हिस मॅनेजरमध्ये मर्ज टोकन म्हणतात, सर्व्हिसनाऊच्या सीएमडीबीत (यंत्रणेच्या नोंदींचा डेटाबेस) आयडेंटिफिकेशन रूल. कुठला स्रोत कुठलं फील्ड लिहू शकतो, हे मात्र वेगळ्या नियमाने ठरवायचं असतं. ते राहिलं, तर एका स्रोताने भरलेलं लोकेशन दुसरा रात्री पुसून टाकतो.

नोंदी जुन्या ठरवण्याचा कालावधी हीसुद्धा नेहमीची खोट. डिस्कव्हरी (नेटवर्क धुंडाळून यंत्रं शोधणारी फेरी) दर रविवारी आणि ‘तीन दिवस दिसला नाही की काढा’ असा नियम असेल, तर गुरुवारी अर्धं नेटवर्क गायब होणारच. कालावधी किमान दोन फेऱ्यांचा ठेवा. मी तीन ठेवतो.

नियम दुरुस्त केला, नकाशा तसाच? घाबरू नका. नियम बहुधा नोंद पुन्हा येते तेव्हाच लागू होतो, त्यामुळे डिस्कव्हरीचा जॉब परत चालवावा लागतो. एकदा चिकटलेल्या नोंदी तेवढ्यानेही सुटतीलच असं नाही. त्या रात्री मी आधी नियम बंद केला, मग तो चाळीस आयपीवाला नोड काढून टाकला आणि त्यानंतरच जॉब चालवला. उलट क्रमाने केलं असतं, तर तो पुन्हा तस्साच उभा राहिला असता.

आता नियम लावण्याआधी आणि नंतर एकूण रिसोर्स मोजतो आणि सर्वांत जास्त आयपी असलेले दहा नोड काढून बघतो. यादीत राउटर दिसले तर झोपायला मोकळा. साधा सर्व्हर दिसला, की चहा टाकतो.