पोटमाळ्यातली ओल आणि बुरशी: भोकं पाडण्याआधी या चुका टाळा

पोटमाळ्याच्या वाशांवर काळे ठिपके दिसले की कुणी ब्लीच आणतं, कुणी भिंतीला भोक पाडून पंखा बसवतं. काही महिन्यांत ठिपके पुन्हा उगवतात. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतातच, त्यांना कायमचं हाकलता येत नाही. त्यांना रुजायला लागतं ते पाणी, आणि हे पाणी माळ्यावर कुठून पोचलं याचं उत्तर न शोधता केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

गळती आणि दव यांत गल्लत करणं

माळ्यावरच्या ओलीची दोन मुख्य कारणं असतात. एक, छपरातून झिरपणारं पावसाचं पाणी. दोन, हवेतलं बाष्प गार पृष्ठभागावर जमून झालेलं दव. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. गळक्या कौलाखाली कितीही झरोके ठेवले तरी गळती थांबत नाही, आणि दव जमत असेल तर वरून जलरोधक रंगाचे थर देऊन काहीच साधत नाही.

गळतीचा डाग ठरावीक जागी असतो, पावसानंतर वाढतो, त्याच्या कडेला तपकिरी वलयं दिसतात. वाशावरून पाण्याचा ओघळ आलेला असेल तर तो वरच्या दिशेने शोधत जा, कारण पाणी आत शिरतं एकीकडे आणि ठिबकतं दुसरीकडे. दव मात्र पसरून येतं. थंडीतल्या पहाटे टॉर्च घेऊन वर चढा. छपराच्या आतल्या बाजूला सगळीकडे बारीक थेंब असतील, बाहेरून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पाणी लोंबत असेल, तर ते दवच.

माळ्याची भिंत ओली असेल तर प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून तिच्यावर घट्ट बसवा आणि दिवसभर राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला दिसलं तर हवेतून.

खालची हवा वर जाऊ देणं

मला सगळ्यात महागात पडणारी चूक हीच वाटते, कारण ती दिसत नाही. 20 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावतं, 5 अंशांना 7 ग्रॅमच्याही आत. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि नुसता श्वास यांतून चौघांचं कुटुंब दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडू शकतं. ही उबदार हवा वर चढते, फटीफटींतून माळ्यात घुसते आणि गार छपराला लागताच जास्तीचं बाष्प तिथेच टाकते.

म्हणून छपराला हात लावण्याआधी खोलीचं छत पाहा. माळ्यावर जायच्या झडपेच्या कडा, पाण्याचे पाइप आणि वायरी वर जातात तिथली भोकं, छतात बसवलेले दिवे, आतल्या भिंतींची वरची टोकं, इथून हवा वर जाते. पेटलेली उदबत्ती कडेशी धरा. धूर वर ओढला गेला की फट सापडली. झडपेला रबराची पट्टी लावा आणि ती दाबून बंद राहील अशी कडी बसवा. बाकीच्या फटी सीलंटने भरा. दिव्यांच्या मागे मात्र काही कोंबू नका, ते तापतात. बंदिस्त आवरणाचे दिवे बसवणं बरं.

बाथरूमचा किंवा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन माळ्यातच हवा सोडत असेल, तर इतर कुठल्याही उपायाआधी ते बदला. नळी थेट घराबाहेर गेली पाहिजे, शक्य तितकी आखूड आणि सरळ. थंड माळ्यातून जाताना तिच्यावर उष्णतारोधक आवरण हवं आणि बाहेरच्या दिशेने हलका उतार हवा, म्हणजे आत जमलेलं पाणी पंख्यावर परत येत नाही. तिचं तोंड वळचणीच्या झरोक्याशेजारी काढू नका. तीच दमट हवा तिथून पुन्हा आत ओढली जाते. गॅस गिझरचा धूर माळ्यात येत असेल तर प्रश्न ओलीपुरता राहत नाही. त्यात जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. गिझर वापरणं थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

झरोके आहेत, पण वाट नाही

नुसत्या भोकांनी वायुवीजन होत नाही. खालून, म्हणजे वळचणीकडून, हवा आत यायला हवी आणि आढ्याजवळून बाहेर पडायला हवी. एकाच बाजूला झरोके असले की दूरच्या कोपऱ्यांत हवा साचून राहते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

किती मोकळी जागा ठेवायची? अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या 1/150 भाग मोकळा ठेवायला सांगितला आहे, आणि खाली-वर नीट विभागणीसारख्या अटी पाळल्या तर 1/300. म्हणजे 60 चौरस मीटरच्या माळ्याला अनुक्रमे 0.4 किंवा 0.2 चौरस मीटर. हा हिशेब हवा खरोखर जाते त्या जागेचा आहे. जाळी आणि पट्ट्यांनी अडलेली जागा त्यातून वजा करायची. खालची जागा वरच्यापेक्षा थोडी जास्तच ठेवा. वर मोठं तोंड आणि खाली अरुंद असं झालं, तर माळा घरातली हवा छताच्या फटींतून खेचू लागतो. मोठा विजेचा पंखा बसवल्यावरही हेच होतं, म्हणून फटी बंद केल्याशिवाय पंख्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जाळी अगदी बारीक घेतली तर धुळीने लवकर बुजते. वर्षातून एकदा ब्रश फिरवा.

इन्सुलेशन वळचणीत कोंबणं

छतावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारी गादी, टाकल्यावरच बुरशी आली, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यात तथ्य आहे. खालची ऊब अडल्यामुळे माळा आधीपेक्षा गार होतो, छपरावर दव लवकर जमतं. पण म्हणून इन्सुलेशन काढून टाकायचं नाही, हवेची वाट मोकळी ठेवायची. गादी शेवटच्या टोकापर्यंत कोंबली की वळचणीचे झरोके बुजतात. छपराच्या आतल्या बाजूपासून साधारण 5 सेंटीमीटर जागा सोडा आणि गादी सरकू नये म्हणून तिथे कडक पत्रे आडवे लावा.

वाशांच्या मध्येच इन्सुलेशन भरून बंदिस्त केलेला माळा असेल तर त्याचं गणित वेगळं असतं. तिथे रचना समजून घेतल्याशिवाय एकही भोक पाडू नका.

थंडीत किंवा पावसात सगळं बंद करणं

गारठा येतो म्हणून झरोक्यांत कापड कोंबतात, आणि दव जमायचे दिवस नेमके तेच असतात. पत्र्याच्या छपराला तर घरातल्या बाष्पाचीही गरज नसते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि बाहेरच्याच हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं. दिवसा ते वाळून जायचं तर हवा खेळती हवी.

संततधार पावसात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा झरोके माळ्याला तिच्यापेक्षा कोरडं करू शकत नाहीत. त्या दिवसांत सामान जपावं लागतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी झाकणाचे डबे वापरा, ते फळ्यांवर उचलून ठेवा, उतरत्या छपराला आणि भिंतीला चिकटवू नका. ओलसर गाद्या-कपडे वर ठेवू नका.

बुरशी कोरडीच झाडणं

कोरडा झाडू मारला की बीजकण घरभर उडतात. एन-95 मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून साबणाच्या पाण्याने ओलसर फडक्याने पुसा आणि लाकूड लगेच वाळू द्या. लाकडावर ब्लीचचा फारसा उपयोग नाही: त्यातलं पाणी आत मुरतं, क्लोरीन वरच राहतं. डाग एक चौरस मीटरहून मोठा असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम जाणकाराकडे द्या. बुरशीवर रंग मात्र लावू नका. पोपडे निघतात आणि ती तशीच वाढत राहते.

काम झाल्यावर लाकडाची ओल मोजा. ओलमापकावर आकडा सतत 20 टक्क्यांच्या वर राहत असेल तर लाकूड कुजण्याचा धोका आहे, म्हणजे एखादी फट किंवा गळती अजून सुटली आहे. पहिल्या थंडीत पहाटे पुन्हा एकदा टॉर्च घेऊन खिळ्यांची टोकं तपासा.